कोकणच्या हवेत नव्या नायट्रो इंजिनाची पहिली सुरुवात आणि रनिंग-इन

देवगडहून तुम्ही जे विचारले आहे, त्याचा गोषवारा आधी देतो. तुमच्याकडे रिमोटवर चालणारी, 1/8 प्रमाणाची मॉडेल बग्गी आहे आणि तिच्यात 3.5 सीसीचे नवे नायट्रो (मिथेनॉल व नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारे) इंजिन आहे. ते सुरू करण्याची दोरी ओढताना पिस्टन वरच्या टोकाला अडकतो आणि दोरी हाताला हिसका देते. आतापर्यंत दोन ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारे प्लग) जळाले आहेत. विक्रेत्याने पहिल्या पाच टाक्या गाडी जागेवर उभी ठेवून केवळ आयडलवर (थ्रॉटल न देता, मंद वेगात) जाळायला सांगितले आहे, पुण्याच्या मित्राने स्वतःच्या इंजिनाच्या नीडलच्या (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूच्या) फेऱ्या कळवल्या आहेत, आणि घरासमोरच्या पुळणीवर गाडी चालवून रनिंग-इन (नव्या इंजिनाचे भाग सावकाश एकमेकांना बसवणे) केले तर चालेल का, असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे. यांपैकी इंजिन अडकण्याबद्दल काळजी करू नका; ते सदोष नाही. आयडलचा सल्ला, मित्राचे आकडे आणि पुळण या तिन्ही गोष्टींना मात्र माझे उत्तर 'नको' असे आहे, आणि त्याची कारणे नीट कळावीत म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

तुमच्या इंजिनाच्या पिस्टनला रिंग नाही. क्रोमचा थर दिलेली पितळेची स्लीव्ह (सिलिंडरचे अस्तर) आणि तिच्यात बसणारा, सिलिकॉनचे प्रमाण जास्त असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, एवढ्यावरच कॉम्प्रेशन टिकवायचे असते. त्यासाठी स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती केलेली असते आणि थंड स्थितीत पिस्टन तिथे अक्षरशः आवळला जातो. इंजिन तापले की पितळ या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा थोडे अधिक फुगते, स्लीव्हचा वरचा भाग मोकळा होतो आणि पिस्टनभोवती तेलाचा पातळ थर राहील एवढी जागा तयार होते. म्हणजे हे दोन्ही भाग एकमेकांना ज्या मापाने बसायला हवेत ते माप इंजिन 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असतानाच अस्तित्वात येते. 30 अंशांना ते माप नसतेच. रनिंग-इनविषयीचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका वस्तुस्थितीतून निघतो.

आता जागेवर आयडल करण्याच्या सल्ल्याकडे पाहू. हा सल्ला कुठून आला हे समजण्यासारखे आहे. जुन्या मॉडेल विमानांच्या इंजिनांत लोखंडी पिस्टन पोलादी स्लीव्हमध्ये बसवलेला असे, काहींत रिंग असे, आणि अशी इंजिने खरोखरच भरपूर तेल व भरपूर इंधन देऊन सावकाश बसवावी लागत. तुमच्या इंजिनाला तीच वागणूक दिली तर काय होईल? गाडी उभी, मिश्रण अतिशय रिच (म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त), आणि मिथेनॉल बाष्पीभवन होताना पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषून घेणारे. त्यामुळे हेडचे (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे) तापमान 60-70 अंशांच्या वर जाणारच नाही. पिस्टन प्रत्येक फेरीत त्या आवळलेल्या भागात घुसेल आणि कनेक्टिंग रॉडला प्रत्येक फेरीत तो तिथून ओढून काढावा लागेल. पाच टाक्या संपेपर्यंत असे लाखाहून अधिक वेळा घडते. स्लीव्हचा जो निमुळतेपणा पुढे कॉम्प्रेशन देणार होता, तो थंडपणी घासून निघून जातो, आणि रॉडच्या खालच्या टोकाचे बुश अंडाकार होऊ लागते. अशा इंजिनाची दोरी नंतर फार हलकी लागते, मालकाला इंजिन छान मोकळे झाले असे वाटते, आणि थोड्याच दिवसांत ते गरम झाल्यावर पुन्हा सुरू होईनासे होते. म्हणून मी स्पष्ट सांगतो की त्या पाच टाक्या जाळू नका.

सुरुवात हेड तापवून करा. घरातला केस सुकवायचा ड्रायर पुरेसा आहे. हीट गन असेल तर ती लांबून आणि सतत फिरवत वापरा, कारण जवळचे सिलिकॉनचे नळ, प्लास्टिकची टाकी आणि वायरी तिच्या झोताने वितळतात. आधी पिस्टन खाली आणून ठेवा, मग हेड आणि क्रँककेसचा वरचा भाग 70 ते 80 अंश होईपर्यंत तापवा. हेड तापवण्याचे काम पूर्ण झाल्यावरच टाकीत इंधन भरा. ड्रायर बंद करून बाजूला ठेवल्याशिवाय इंधनाचे झाकण उघडायचे नाही, हा नियम घरातल्या लहान मुलालाही पाठ असला पाहिजे. कोकणात हिवाळ्यातही पारा फारसा उतरत नाही, त्यामुळे थंड प्रदेशातल्या लोकांना वाटते तेवढी ही गरज आपल्याला वाटत नाही. परंतु 25 अंश काय आणि 10 अंश काय, 100 अंशांच्या मानाने दोन्ही थंडच आहेत.

तापवल्यावर तुम्हाला लगेच जाणवेल की दोरी ओढता येण्याजोगी झाली आहे. तरीही अडकलीच तर जोर लावू नका. पुल-स्टार्टची दोरी एका वेळी वीतभर किंवा फार तर फूटभर ओढायची असते. ती शेवटापर्यंत खेचली की आतली स्प्रिंग तुटते. पिस्टन वर अडकून बसला असेल तर फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) बोटांनी उलट दिशेने फिरवून तो खाली घ्या. फ्लायव्हीलच्या दातांत पेचकस घालून ते फिरवण्याचा मोह टाळा, कारण त्यात दात तरी दुखावतात किंवा क्रँककेसला तरी टवका जातो. फारच घट्ट इंजिन असेल तर ग्लो प्लग पाऊण फेरी सैल करून दोरी ओढा, म्हणजे थोडे कॉम्प्रेशन बाहेर पडते. इंजिन सुरू होताच पान्याने प्लग घट्ट करा. स्टार्टर बॉक्स (विजेच्या मोटरने इंजिन फिरवणारी पेटी) मिळत असेल तर नव्या इंजिनासाठी तो दोरीपेक्षा कितीतरी चांगला, आणि शक्य असेल तर पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता कोणाकडून तरी मागून आणा.

तुमचे दोन प्लग का जळाले, याची दोन-तीन कारणे संभवतात. या इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला इग्नायटरच्या (प्लगला लावायच्या बॅटरीच्या) विजेने लालभडक करायची आणि नंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करून तिला धगधगत ठेवते. इग्नायटर काढून घेतला तरी इंजिन चालत राहते ते यामुळे. ही तार साधारण 1.2 ते 1.5 व्होल्टसाठी केलेली असते. दोन सेल एकापुढे एक जोडून 3 व्होल्ट दिले तर ती क्षणात जाते. इग्नायटर योग्य असेल तर दुसरी शक्यता अशी की सिलिंडरमध्ये इंधन साचलेले असताना दोरी जोरात ओढली गेली आणि द्रवाच्या धक्क्याने तार मोडली किंवा वाकली. तिसरी गोष्ट सर्वच नव्या इंजिनांत होते: पिस्टन-स्लीव्हवरून निघालेले धातूचे अतिसूक्ष्म कण तारेवर चिकटतात आणि ती निकामी होते. म्हणून रनिंग-इनच्या काळात दोन-तीन जास्तीचे प्लग जवळ ठेवावेत आणि ते पूर्ण झाले की नवा प्लग घालावा. प्लग तपासायचा तर बाहेर काढून, सावलीत, पक्कडीत धरून इग्नायटर लावावा; तार सर्व वेढ्यांवर सारखी नारिंगी दिसली पाहिजे. प्लगचा प्रकार, म्हणजे साधा की निमुळत्या बैठकीचा टर्बो, आणि गरम, मध्यम की थंड, हे इंजिनासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यात स्वतःचे डोके चालवू नये.

इंधनाविषयी जरा थांबून लिहितो. गाडीच्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते तिथे मिथेनॉलला सुमारे 6.4 आणि नायट्रोमिथेनला अवघी 1.7 किलो हवा पुरते. तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते आणि ताकद वाढते ती यातून. 3.5 सीसीच्या ऑफ-रोड इंजिनासाठी 20 ते 25 टक्के नायट्रोचे इंधन योग्य आहे. आपल्याकडे पुष्कळदा विमानांचे इंधन सहज मिळते आणि गाडीचे मिळत नाही. विमानाच्या इंधनात नायट्रो कमी आणि तेल जास्त असते. त्यावर इंजिन चालते, मात्र आयडल तितके स्थिर राहत नाही आणि नंतर इंधन बदलले की नीडल पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. म्हणून पुढे जे इंधन कायम वापरणार असाल त्यावरच रनिंग-इन करा. तेलाचा भाग इंजिनाचे एकमेव वंगण आहे, वेगळे तेल कुठेही नाही. स्पिरिट किंवा पेट्रोल ओतून पाहण्याचा प्रयोग कोणी सुचवला तर तो ऐकू नका. मिथेनॉल हवेतले पाणी शोषते. पावसाळ्यात आपल्याकडे डबा अर्धा तास उघडा राहिला तरी इंधनाचा दर्जा उतरतो आणि मग इंजिन विनाकारण बंद पडू लागते. डबा घट्ट बंद, सावलीत, आणि शक्यतो भरलेला ठेवा. अर्धा रिकामा झाला की छोट्या डब्यात काढा.

मिथेनॉल विष आहे, हे मी इथे मुद्दाम लिहितो. 10 मिलीलीटर इतकेही पोटात गेले तर दृष्टी जाऊ शकते. ते त्वचेतूनही शोषले जाते. ते कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नये, आणि चुकून कोणाच्या पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण पहिले काही तास माणूस ठीक दिसतो. मुंबई-पुण्याहून इंधन आणताना ते रेल्वेच्या डब्यातून किंवा एसटीतून आणू नका; ज्वलनशील द्रव प्रवाशांच्या डब्यातून नेणे हा रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडीचे बाकी सर्व तपासून घ्या. ट्रान्समीटर आधी चालू, मग रिसीव्हर. थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर कार्बोरेटरच्या तोंडातून पाहिले असता साधारण एक मिलीमीटरची फट दिसली पाहिजे आणि ब्रेक लावताना ती आणखी उघडता कामा नये. ट्रान्समीटर बंद केला तर सर्व्हो (थ्रॉटल व ब्रेक हलवणारी छोटी मोटर) ब्रेककडे जातो का, म्हणजे फेलसेफ काम करते का, ते पाहा. साडेतीन किलोची गाडी ताब्याबाहेर गेली तर माणसाचे हाड मोडू शकते. एअर फिल्टरच्या फोमला फिल्टर ऑइल नीट मुरवलेले असावे. टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारा नळ आणि मफलरकडून (म्हणजे सायलेन्सरकडून) टाकीकडे येणारा दाबाचा नळ, दोन्हींना कुठे चीर नाही ना हे बोट फिरवून पाहा. दाबाच्या नळाला सुईएवढे भोक असले तरी नीडल कितीही फिरवली तरी इंजिन एकसारखे चालत नाही, आणि माणूस कार्बोरेटरला दोष देत राहतो.

नीडल पुस्तिकेतल्या मूळ जागेवर ठेवा. कारखान्यातून आलेली जागा बहुधा रिचकडेच असते. टाकी भरा, मफलरच्या टोकावर कापड धरून दोरी दोन-तीनदा ओढा आणि नळातून इंधन कार्बोरेटरपर्यंत आलेले दिसताच थांबा. इथे अधीर होऊन आणखी ओढत राहिले की सिलिंडर इंधनाने भरतो. दोरी अचानक दगडासारखी घट्ट झाली तर तेच झाले आहे असे समजा: प्लग काढा, भोकावर कापड धरा, गाडी उलटी करून दोरी ओढा, म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडेल. मग इग्नायटर लावून, थ्रॉटल जेमतेम उघडी ठेवून, आखूड आणि चपळ हिसके द्या. हेड तापलेले असेल आणि प्लग चांगला असेल तर इंजिन फार छळत नाही. ते पेटल्यावर इग्नायटर दहा-पंधरा सेकंद तसाच राहू द्या, थ्रॉटल हलकी वरखाली करून त्याला सावरू द्या, आणि मग काढा. काढताच बंद पडत असेल तर आयडल स्क्रू थोडा वाढवा. या टप्प्यावर लो-स्पीड नीडलला (कमी वेगातले मिश्रण ठरवणाऱ्या) हात लावू नका.

पहिली टाकी गाडी जमिनीवर चालवूनच संपवा. चाके अधांतरी ठेवून थ्रॉटल देणे इंजिनासाठी वाईट आहे. भार नसताना ते क्षणात भलत्याच वेगाला पोहोचते, आणि ही इंजिने पूर्ण वेगात मिनिटाला 30,000 फेऱ्यांच्याही पुढे जातात. मोठ्या, सपाट जागेत लांबट वर्तुळात गाडी फिरवा. थ्रॉटल एक-तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत सावकाश न्या, सोडा, पुन्हा न्या. एकाच वेगात धरून ठेवू नका, कारण थ्रॉटल उघडताना जास्तीचे इंधन आणि तेल आत जाते व सोडताना पिस्टनला क्षणभर विसावा मिळतो, आणि हा चढउतारच पृष्ठभाग एकमेकांना बसवतो. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर सतत दिसत राहिला पाहिजे. धूर दिसेनासा झाला किंवा आवाज एकाएकी कर्कश आणि बारीक झाला तर मिश्रण लीन झाले आहे, म्हणजे इंधन कमी पडते आहे. लगेच थांबवा आणि हाय-स्पीड नीडल (जास्त वेगातले मिश्रण ठरवणारी) उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, एक-अष्टमांश फेरी उघडा.

तापमान 95 ते 105 अंशांच्या दरम्यान राहावे. ते 80 च्या खाली घुटमळत असेल तर नीडल लीन करून ते वाढवण्याची घाई करू नका. त्याऐवजी हेडच्या पंखांच्या निम्म्या भागावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा जुना सुती मोजा गुंडाळा. मिश्रण रिच राहते, तेल भरपूर मिळते आणि तरीही इंजिन गरम राहते. मार्च ते मेच्या उन्हात हे लागणार नाही, डिसेंबरच्या सकाळी नक्की लागेल. मोजण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि नेहमी वरून, ग्लो प्लगच्या बुडाशी, एकाच अंतरावरून नेम धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, त्यामुळे प्लगच्या खोबणीत नेम लागत नसेल तर हेडवर काळ्या मार्करने एक ठिपका रंगवून तिथे मोजा. यंत्र नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तो तीन ते पाच सेकंदांत उकळून नाहीसा झाला तर ठीक, नुसता पडून राहिला तर इंजिन थंड आहे, आणि पडताक्षणी तडतडून उडाला तर जरूरीपेक्षा अधिक तापले आहे. 130 अंशांच्या वरचा आकडा नव्या इंजिनात कधीही दिसू देऊ नका.

टाकी पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, कारण शेवटच्या थेंबांच्या वेळी हवा मिसळून मिश्रण क्षणभर अत्यंत लीन होते. तळाशी थोडे इंधन असतानाच गाडी आणा आणि मफलरचे तोंड जाड कापडाने बंद करून इंजिन थांबवा. बोटाने नव्हे, ते भाजते. थांबताच फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली घ्या. तापून मोकळी झालेली स्लीव्ह निवताना आकसते, आणि पिस्टन वर राहिला तर ती त्याच्याभोवती आकसून ताण घेते व पुढच्या वेळी इंजिन सोडवणेही कठीण होते. फ्लायव्हीलवर पिस्टन खाली असतानाची खूण रंगाने करून ठेवली की हे काम एका नजरेत होते. आता हेड हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबा. हे तापणे आणि निवणे हाच रनिंग-इनचा अर्धा भाग आहे, म्हणून तो वेळ वाया गेला असे मानू नये. पुढच्या टाकीच्या आधी पुन्हा ड्रायर.

1/8 बग्गीची टाकी स्पर्धेच्या नियमाप्रमाणे 125 सीसीची असते, म्हणजे आठ टाक्यांत एक लिटर होते. पहिल्या दोन टाक्या वर सांगितल्याप्रमाणे काढा. तिसरीपासून सरळ पट्ट्यावर दोन-तीन सेकंद पाऊण थ्रॉटल द्या आणि हाय-स्पीड नीडल प्रत्येक टाकीमागे जेमतेम एक-सोळांश फेरी लीन करा. पाचवी-सहावी टाकी होईपर्यंत पूर्ण थ्रॉटलचे छोटे झटके चालतील. एक ते दीड लिटर जाळल्यावर इंजिन साधारण बसलेले असते, पण टाक्या मोजण्यापेक्षा इंजिनाकडे लक्ष द्या. थंडपणी फ्लायव्हील फिरवताना वरच्या टोकाला अजूनही थोडी पकड जाणवावी, मात्र अडकू नये. गरम असताना दोरी सहज फिरावी आणि आयडल एकसारखे राहावे. असे झाले की रनिंग-इन संपले.

लो-स्पीड नीडलची पाळी आता येते, त्याआधी नाही, कारण घट्ट इंजिनाचे आयडल रोज बदलते आणि त्याच्या मागे धावून काही साधत नाही. प्रथम हाय-स्पीड नीडल, नंतर लो-स्पीड, शेवटी आयडल स्क्रू, हा क्रम बदलू नका. तपासायची पद्धत सोपी आहे: गरम इंजिन आयडलवर ठेवून कार्बोरेटरजवळ इंधनाचा नळ चिमटीत दाबा. दोन-तीन सेकंदांत वेग किंचित वाढून इंजिन बंद पडले तर नीडल जागेवर आहे. दाबताच बंद पडले तर लीन, आणि चार-पाच सेकंद चालत राहून वेग बराच चढला तर रिच.

तुमच्या पुण्याच्या मित्राचा हेतू चांगला आहे, परंतु त्यांचे आकडे देवगडला वापरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे आणि तिथला हवेचा दाब आपल्यापेक्षा साधारण 6 टक्के कमी असतो. तिथे हवा विरळ, म्हणून इंधनही कमी लागते. तीच नीडल समुद्रकाठच्या दाट हवेत लीन ठरते, आणि नव्या इंजिनाला लीन मिश्रणाइतके घातक दुसरे काही नाही. सुटीत गाडी घाटमाथ्यावरच्या आंबोलीला न्याल तेव्हा याच्या उलट अनुभव येईल.

आपल्या किनाऱ्यावर यात दमट हवेची भर पडते. पाण्याची वाफ हवेत प्राणवायूची जागा अडवते. 30 अंशांच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेत तिचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ऑक्टोबरच्या दमट दुपारी नेमकी लावलेली नीडल डिसेंबरच्या कोरड्या, गार सकाळी लीन होते. एका दिवसातही हा फरक जाणवतो. पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून येतो, तो कोरडा आणि गार. दुपारी खारा वारा सुटला की हवा दमट व उष्ण होते. मी रनिंग-इनसाठी सकाळच पसंत करतो, कारण सकाळच्या कोरड्या, गार हवेत नीडल लावली गेली की दुपारी ती थोडी रिच होऊन इंजिनाला अपाय करत नाही. दुपारी नेमके बसवून दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच चालवणे यात मात्र धोका आहे. प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला हाय-स्पीड नीडल एक-अष्टमांश उघडूनच पहिली फेरी मारावी.

पुळणीवर रनिंग-इन करू नका, एवढेच नव्हे तर या इंजिनाची बग्गी पुळणीवर नेऊच नये असे मी म्हणेन. कोरडी वाळू चाकांनी उडून थेट फिल्टरवर बसते, ओली वाळू मीठ घेऊन बेअरिंगांत शिरते, आणि मऊ वाळूत चाके ओढताना इंजिन अति तापते. मग जागा कोणती? पहिली सुरुवात घरच्या सिमेंटच्या खळ्यात करा आणि चालवण्यासाठी गावातले एखादे सिमेंटचे किंवा डांबरी, वाहतूक नसलेले मैदान परवानगी घेऊन वापरा. सडा (जांभ्याचा कातळी माळ) सपाट आणि मोकळा असला तरी जांभ्याची तांबडी धूळ कमी लेखू नका. ती मुख्यतः लोहाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची असते, आणि लोहाचे तांबडे ऑक्साइड काच व धातू घासून चमकवण्यासाठीच वापरले जाते. ती पिस्टनभोवती गेली तर काय करील ते सांगायला नको. सड्यावर चालवायचेच असेल तर रनिंग-इन संपल्यावर, आणि प्रत्येक वेळी फिल्टर धुऊन, पुन्हा तेल लावून. शिवाय रत्नागिरी-राजापूर-देवगड पट्ट्यातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, त्यांपैकी काही 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि अनेक अजून नोंदलेलीही नाहीत. कातळावर खोदलेली रेषा दिसली तर त्या जागेपासून दूर जा.

सड्यावरचे गवत डिसेंबरपासून वाळते, आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही. सांडलेले इंधन पेटले आहे हे गवत काळे पडू लागल्यावरच कळते, आणि खाली कुणाची हापूसची किंवा काजूची बाग असते. पाण्याची भरलेली बादली आणि ओले गोणपाट जवळ असल्याशिवाय इंधन भरू नका. मिथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे पेट्रोलच्या आगीसारखे ते पाण्यावर तरंगत पसरत नाही. भरपूर पाणी ओतले तर ही आग विझते.

दिवस संपल्यावरची काळजी आपल्या हवेत सर्वांत अधिक महत्त्वाची आहे. नायट्रोच्या ज्वलनातून आम्लयुक्त अवशेष राहतात, उरलेले मिथेनॉल पाणी ओढते, आणि पोलादी बेअरिंग एका रात्रीत गंजू लागते. टाकी रिकामी करा, इग्नायटर लावून नळात उरलेले इंधन आयडलवर जाळून टाका, मग कार्बोरेटरच्या तोंडात आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखण्यासाठी शेवटी टाकायच्या तेलाचे) पाच-सहा थेंब टाकून दोरी काही वेळा ओढा. पिस्टन खाली, मफलरच्या तोंडाला बूच, कार्बोरेटरवर स्वच्छ पिशवी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी चालवणार नसाल तर इंजिन उतरवून, तेल जरा सढळ टाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा फ्लायव्हील हाताने फिरवा. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढाल तेव्हा जुने इंधन वापरू नका. तेल जाळून बाहेर पडेपर्यंत प्लग एखाद-दोन वेळा भिजेल, तो पुसून पुन्हा लावा, आणि पहिली टाकी पुन्हा फॉइल गुंडाळून, रिच नीडलवर, निम्म्या थ्रॉटलने काढा.